गुडघ्यातलं पाणी आणि परळचा बाळकोबा

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंचा गुडघा परवा सुजला. मधल्या सुट्टीत त्यांनी मला जिन्याखाली नेलं, साडी वीतभर वर केली आणि हळूच विचारलं, "सुमतीबाई, तुमचंही असंच झालं होतं ना? खरं सांगा, पाय जातो का हो?"

मी म्हटलं, "पाय नाही जात. झोप जाते थोडे दिवस."

तेवढ्यात घंटा झाली. त्यांना सांगायचं बाकी सगळं राहून गेलं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. दादरच्या एका मुलींच्या शाळेत कवायत आणि लेझीम शिकवते, आणि एका गुडघ्याने मला चार महिने जे शिकवलं तेवढंच मला ठाऊक आहे.

दोन गुडघे

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं ते शेवटचं वर्ष. मुंबईसह राज्य मिळणार अशी बातमी पक्की होत आली होती आणि चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत माणसं एकमेकांना उगीचच हाका मारून बोलत होती. शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "राज्याच्या आनंदाची मिरवणूक निघेल तेव्हा आपली साठ मुलींची लेझीम पुढे हवी." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. मला तेव्हा अडतिसावं लागलं होतं आणि माझ्या पायांवर माझा फार विश्वास होता.

थंडीचे दिवस होते. मुलींना बैठकीचा हात शिकवताना मी खाली बसले आणि उठताना उजवा गुडघा आतून भरल्यासारखा वाटला. दुखत नव्हता, नुसता जड. दुसऱ्या दिवशी सकाळी चटईवर दोन्ही पाय लांब करून पाहिलं. डाव्या गुडघ्याची वाटी नेहमीसारखी दिसत होती. उजवीकडे वाटी बुडालीच होती. मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा गुडघा. माझी दहा वर्षांची नलू शेजारी बसली होती. तिने एका बाजूने बोट दाबलं तर दुसऱ्या बाजूने फुगवटा आला.

"आई, आत पाणी आहे गं! इकडून तिकडे पळतंय."

डॉक्टरांच्या आधी निदान केलं ते तिनेच.

चोळणारा

त्या दिवशी मी डॉक्टरांकडे जायला हवं होतं. गेले नाही. माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एरंडाचं पान गरम करून बांधलं, मग निर्गुडीचा शेक, मग मिठाची पुरचुंडी. त्याने बरं वाटायचं, पण सूज तेवढीच. आठवड्याने माई म्हणाल्या, "लालबागला एक जण आहे. पाय चोळून देतो. माझ्या भाचीचा मुरगळलेला घोटा एका दिवसात बसवला त्याने."

मी माझ्या पायांनी गेले, हे आधी सांगते, कारण पुढे सगळा दोष माईंवर आला. त्या माणसाने कढत तेल लावलं आणि अर्धा तास माझा गुडघा असा रगडला, असा पिळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. संध्याकाळपर्यंत गुडघा दुप्पट झाला. चाळीच्या दाराशी आले आणि पहिल्या पायरीवर पाय उचलेना. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. शेवटी शेजारच्या तात्या मिस्त्रींनी खाली खुर्ची आणली, मला तिच्यावर बसवलं आणि चौघांनी मिळून पालखीसारखी वर नेली. मजल्यामजल्यावर बायका दारात येऊन बघत होत्या. मी हसत होते, कारण दुसरं काही केलं असतं तर रडले असते.

हे घरी आले. माझगावच्या गोदीत कारकून. आवाज चढवणं यांच्या स्वभावातच नाही. त्या दिवशी आईवर ओरडले.

"सांध्यात पाणी झालंय आणि तू हिला चोळून घ्यायला नेलंस? काही झालं असतं म्हणजे?"

माई पदराने हात पुसत गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. पुढचे दोन दिवस मायलेकांमधलं सगळं बोलणं नलूमार्फत चाललं. "बाबा, आजी विचारतेय भात वाढू का." खोली एकच, आणि आजी बाबांपासून चार हातांवर बसलेली.

सुई

परळच्या एका मोठ्या इस्पितळात नंबर लावून आम्ही बाकावर बसलो. हे कामावर गेले होते, म्हणून माई सोबत आल्या. डॉक्टर चष्मेवाले, कमी बोलणारे, माझ्याच वयाचे. त्यांनी वाटीवर बोट टेकवलं, ती आत जाऊन टक्कन हाडाला लागली.

"पूर्वी कधी पडला होतात? या गुडघ्यावर?"

माझ्याआधी माईच म्हणाल्या, "छे, कधीच नाही."

"आठवा नीट. चार-पाच वर्षांमागचंसुद्धा चालेल."

खोटं बोलून गुडघा बरा होणार नव्हता. मी म्हटलं, "मोर्चात पळापळ झाली होती तेव्हा फुटपाथच्या कडेवर आपटले होते. पंधरा दिवस लंगडत होते."

माई हळूहळू माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशी तू गिरगावात हळदीकुंकवाला गेली होतीस ना? जिन्यात पाय घसरला म्हणालीस."

"हळदीकुंकू पण होतं, माई. मोर्चा वाटेत लागला."

डॉक्टरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. हसू लपवत होते, मला दिसलं.

मग सुई. ज्यांना सांगितली असेल त्यांच्यासाठी लिहिते: मी तिला जेवढी भ्यायले तेवढी ती वाईट नव्हती. आधी एक बारीक टोचणी, मग जाड सुई, आणि आत कोणीतरी दाबतंय एवढंच जाणवतं. पिचकारीत पाणी चढत गेलं. गढूळ असेल, रक्त असेल असं मला वाटत होतं. ते पातळ मधाच्या रंगाचं निघालं, चांगलं चहाच्या कपभर. गुडघ्यातला ताण उतरला तसं मी इतकं मोठ्याने "हाश्श" केलं की बाहेरच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सुटली का बाई?"

डॉक्टरांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली, ती मी आजवर कितीजणींना सांगितली असेल. "पाणी हा रोग नव्हे. चुलीचा धूर झाला की डोळ्यांना पाणी येतं ना? सांधा चिडला की त्यालाही पाणी सुटतं. मी डोळे पुसून दिलेत. आता धूर कशाचा ते शोधायचं."

धूर दोन प्रकारचा असू शकत होता. एक, पडल्यामुळे आतली गादी फाटली असेल आणि मी वर्षानुवर्षं उड्या मारून ती घासली असेल. दुसरा, हाडाचा क्षय.

तो शब्द ऐकल्यावर पुढचं मला ऐकू आलं नाही. माईंनी ऐकलं. आधी काढलेल्या एक्स-रेत काही दिसत नव्हतं, पण सुरुवातीला दिसतही नाही. तेव्हा हे पाणी गिनी पिग नावाच्या एका छोट्या जनावराला टोचायचं आणि सहा आठवडे वाट पाहायची. क्षयाचे जंतू असले तर ते आजारी पडेल.

"आणि नाही पडलं तर?" माईंनी विचारलं.

"तर तुमच्या सुनेला क्षय नाही."

बाळकोबा

घरी येऊन माईंनी देवापुढे दिवा लावला. मी आतल्या कोपऱ्यात पाय उशीवर ठेवून पडले होते, मला सगळं ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, "देवा, सुमतीला बरं कर. आणि इस्पितळात ते जे काही जनावर आहे त्याला सांभाळ. त्याला वेळच्या वेळी खायला मिळू दे."

नलूने विचारलं, जनावर कसं असतं? यांनी सांगितलं: घुशीएवढं, शेपूट नाही, गोंडस, पाला खातं. नलूने लगेच त्याचं नाव ठेवलं, बाळकोबा. दोन दिवसांत ही बातमी चाळभर झाली. सकाळी नळावर जाता-जाता माणसं दारातून डोकावायची, "काय वहिनी, बाळकोबाची तब्येत?" तात्या मिस्त्रींची बायको गुरुवारी माझ्यासाठी नारळ फोडायची, त्यातला खोबऱ्याचा एक तुकडा बाळकोबाच्या नावाने बाजूला काढायची. हे गोदीतून येताना इस्पितळावरून चौकशी करून यायचे. तिथला एक वॉर्डबॉय कंटाळून शेवटी यांना लांबूनच हात करून सांगायचा, "खातंय, खातंय!"

तो मजेचा भाग झाला. दुसराही होता. त्याच आठवड्यात मी माझी कपबशी वेगळी केली. कोणी सांगितलं नव्हतं. निळ्या कडेचा एक जुना कप होता, तो मी खिडकीत ठेवायची आणि स्वतः विसळायची. नलूला जवळ झोपू देत नव्हते. पायाला धक्का लागेल म्हणून सांगितलं. सांध्याचा क्षय असा उष्ट्याने किंवा जवळ झोपण्याने दुसऱ्याला लागत नाही हे डॉक्टरांना विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण विचारायचीच भीती वाटत होती.

एका रविवारी यांनी चहा केला. माझ्यासाठी निळ्या कपात ओतला, दुसऱ्या कपात स्वतःसाठी. मग माझ्याकडे बघत निळा कप उचलला, घोट घेतला, आणखी एक घेतला आणि म्हणाले, "साखर बरोबर आहे. घे."

उरलेला चहा मी प्यायले. कप पुन्हा फळीवर बाकीच्यांत गेला.

खुर्ची

पाय सहा आठवडे सरळ ठेवायचा होता, मागून फळी, वरून लवचीक पट्टी. आता जे लिहिते ते कोणी लिहीत नाही, पण ज्याला भोगावं लागतं त्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं. पाय सरळ असेल तर शौचाला बसायचं कसं? आमचे संडास मजल्याच्या टोकाला, उकिडवं बसायचे. पहिल्या तीन दिवसांत मी जवळजवळ जेवणंच सोडलं, म्हणजे जावं लागू नये. माईंच्या ते लक्षात आलं. त्या सरळ तात्या मिस्त्रींकडे गेल्या. तात्या माझगावला जहाजांवर सुतारकाम करायचे, मालवणकडचे.

तात्या येऊन दारात उभे राहिले. मी शरमेने भिंतीकडे तोंड केलं.

"वयनी, लाजतास कित्याक? बोटीवरच्या सायबांका पण ह्या मीच करून देतंय. तुमी सायबांपेक्षा कमी आसात काय?"

दुसऱ्या दिवशी खुर्ची आली. सागवानी, मधे गोल भोक, कडा घासून रेशमासारख्या केलेल्या, पाय लांब ठेवायला पुढे एक फळी. त्या दिवशी मी पोटभर जेवले. आयुष्यात मला दागिने मिळाले आहेत, पण कोणत्याही दागिन्याने इतका आनंद दिला नाही.

हे पाणी भरायला लागले. आमच्या मजल्यावर नळावर तोवर पुरुष कधी दिसला नव्हता. पहिल्या दिवशी बायकांनी यांना मुद्दाम रांगेत पुढे केलं, दुसऱ्या दिवशी कळशी काखेत कशी धरायची ते शिकवलं, तिसऱ्या दिवशी मागे उभं केलं. "आता शिकलात, आता नंबराने या." शिवाय यांनी स्टोव्ह टेबलावर चढवला. उभ्याने स्वयंपाक करायचा म्हटल्यावर माई म्हणाल्या, हे काय हॉटेल आहे? पण चार दिवसांनी त्याच म्हणाल्या, टेबल आहे तिथेच राहू दे.

त्याचं कारण मला पुढे कळलं.

माईंचा गुडघा

सूज उतरायला लागल्यावर डॉक्टरांनी व्यायाम दिला. दिसायला काहीच नाही: पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, दहा मोजायचे, सोडायची. मला, कवायत शिकवणारीला, हसू आलं. पण पहिल्या दिवशी ती मांडी आवळेचना! महिनाभरात ती मऊ पडली होती, हुकूम ऐकत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, गुडघ्याला धरून ठेवते ती मांडी. ती ढिली पडली की सांधा एकटा पडतो, मग पुन्हा चिडतो, पुन्हा पाणी. म्हणून रोज तीन वेळा. पुढे घोट्यावर वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. सुजेल त्या दिवशी पाय उंच, पट्टी, आणि बर्फ फडक्यात गुंडाळून. चोळायचं मात्र नाही, कितीही मायेच्या माणसाने म्हटलं तरी.

एका दुपारी मी आकडे मोजत होते. माई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले आणि लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं.

"बघ."

त्यांचा डावा गुडघा माझ्या पहिल्या दिवशीच्या गुडघ्यासारखा होता.

"कधीपासून, माई?"

"झाली सहा वर्षं. कधी भरतो, कधी उतरतो."

"आणि बोलला नाहीत?"

"कोणाला सांगू? तेव्हा तुझे सासरे होते. म्हणाले असते, चुलीपाशी बसायला नको म्हणून निमित्त. मग सवय झाली." मग त्या म्हणाल्या, "त्या चोळणाऱ्याकडे तुला नेलं ना, ते आधी स्वतः जाऊन पाहायचा धीर नव्हता म्हणून. तुला बरं वाटलं असतं तर मी गेले असते."

मला राग यायला हवा होता. पण मला इतकं हसू आलं की माझी फळी हलली. माईही हसायला लागल्या. "चल," त्या म्हणाल्या, "मोज दहा."

त्या दिवसापासून आम्ही दोघी तीन वेळा भिंतीला टेकून बसायचो आणि नलू समोर उभी राहून शिट्टीशिवाय हुकूम सोडायची. "आजी, फसवू नकोस, सात झाले!" हे तर एकदा म्हणाले, "आई, डॉक्टरांना दाखवू या तुझा पाय." माई म्हणाल्या, "परक्या पुरुषाला? नाही हो." विषय संपला.

वरून

मुली माझ्याकडे आल्या, कारण मी त्यांच्याकडे जाऊ शकत नव्हते. चाळीच्या चौकात सरावाला जागा करून दिली चाळकऱ्यांनीच. दोऱ्यांवरचं वाळत घातलेलं सगळं संध्याकाळी चारच्या आत काढायचं असं ठरलं. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, पाय स्टुलावर.

बारा वर्षं मी लेझीम शिकवत होते आणि कायम मुलींच्या पुढे उभी राहून उड्या मारत होते. वरून पहिल्यांदाच पाहिलं. रांगा वाकड्या! गेली बारा वर्षं वाकड्याच असणार. आणि डोळे मिटले की आणखी गंमत. साठ लेझिमांमधली उशिराची एक लेझीम वेगळी ऐकू यायची.

"कुसुम!" मी वरून ओरडायची. कुसुम ही आमची पुढची मुलगी, अकरावीतली, कडक. "तिसऱ्या रांगेत डावीकडे कोण आहे? अर्धा ठोका मागे!"

"बाई, तुम्हाला तिथून कसं कळलं?"

खरं म्हणजे बसून राहिल्यामुळेच कळलं होतं. सुट्टी लागली तरी एकही मुलगी गळली नाही. चारही मजल्यांवरून लोक बघायचे, ठेका धरायचे, आणि चुकलं की मी बोलायच्या आधी तेच बोलायचे.

सहा आठवडे संपले त्या दिवशी मी, हे आणि माई इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला. "क्षय नाही. गादीच फाटली आहे, जुनी आहे. सांभाळलीत तर शस्त्रक्रियेशिवाय चालेल."

यांनी माझा हात धरला, सगळ्यांदेखत. मी रडले. माईंनी विचारलं, "आणि बाळकोबा?"

"कोण?"

यांनी समजावून सांगितलं. डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "सहा आठवड्यांनंतर त्याला कापून आतून तपासावं लागतं." माईंनी हात जोडले. डॉक्टरांना नाही, तो कागद ज्या बाजूने आला होता त्या दाराकडे. घरी नलूला आम्ही सांगितलं, बाळकोबा पास झाला. ते खोटं नव्हतं.

मिरवणूक

मला परवानगी मिळाली होती ती चालण्याची आणि उभं राहण्याची. उडी नाही, बैठक तर आयुष्यात नाही. म्हणून मिरवणुकीच्या दिवशी मी हिंदमाताजवळ एका कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले, शेजारी माई. आदल्या दिवसापासून रस्त्यावर तोरणं लागली होती. ओळखपाळख नसलेली माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. दुकानदार तागे मोजायचं सोडून दारात उभा होता.

आधी ढोल ऐकू आला, मग लेझीम. साठ मुली, पांढऱ्या साड्या, भगव्या पट्ट्या, आणि रांगा अशा सरळ की दोरी धरावी. कुसुम माझ्यासमोर येऊन थांबली. मागच्या सगळ्या थांबल्या. तिने स्वतःची लेझीम माझ्यापुढे धरली.

"बाई, एक हात."

मी माईंकडे पाहिलं. माई म्हणाल्या, "मला काय विचारतेस? आता हळदीकुंकवाला जाते म्हणून सांगून जाणार आहेस का?"

मी ओट्यावरून उतरले. उभ्यानेच हात करायचे, एवढंच ठरवलं होतं. पहिले चार ठोके तसेच केले. मग ढोलाने लय धरली आणि माझे पाय माझे राहिले नाहीत. मागून माईंचा आवाज सगळ्या गर्दीच्या वर, "सुमे, बैठक नको! बैठक नको गं!"

बैठक नाही घातली. पण गुडघा दुसऱ्या दिवशी भरलाच थोडा. पाय उंच, पट्टी, बर्फ; चौथ्या दिवशी उतरला. त्याच आठवड्यात तपासणी होती. माई म्हणाल्या, मीही येते.

डॉक्टरांनी वाटी दाबून पाहिली. "उड्या मारल्यात?"

"नाही हो. म्हणजे... एखादी."

"तीन," ते म्हणाले. "मी समोरच्या फुटपाथवर होतो."

मी मान खाली घातली. वर बघितलं तर ते हसत होते, चष्मा नाकावर घसरलेला. "बैठक घातली नाहीत, तेवढं बरं केलंत. महिन्याने या."

मी टेबलावरून उतरले. चप्पल शोधत होते, तेवढ्यात मागे टेबल करकरलं. वळून पाहिलं तर माई कठड्याला धरून टेबलावर चढून बसल्या होत्या, पाय लांब, लुगडं नीट गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं.

"हिचं झालं असेल तर आता इकडे बघा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आणि ती सुई असेल तर जरा मोठी आणायला सांगा. माझं सहा वर्षांचं साठलंय."